उसवण

युद्धाआधी मी शाळेचे गणवेश शिवायचो,
ओमदुरमानात, कडुनिंबाखाली, पायाच्या मशीनवर.
वीज गेली तरी माझं काही अडलं नाही,
एवढं एकच सुख.

पहिल्याच आठवड्यात तहानी अझहरी आली
निळं जाकीट घेऊन. आत पोलादी पाटी नव्हती,
चहाचा ट्रे होता, काठ ठोकून सपाट केलेला.
म्हणाली, "उस्ता, छातीवर आणि पाठीवर.
लांबून वाचता आलं पाहिजे."

पाच अक्षरं. परकी, डावीकडून उजवीकडे चालणारी,
शेवटची दोन जुळी, वळवळणारी.
मी दुहेरी टीप घातली.
पैसे मागितले नाहीत. तिनेही फार आग्रह केला नाही,
चार महिने पगार नव्हता तिला.

मग बाकीचे आले.
त्यांचं वर्तमानपत्र बंद पडलं होतं,
छापखान्यात कोणाचे तरी ट्रक उभे असायचे,
तरी हे येत राहिले:
फोटो काढणारा मुहन्नद,
रेडिओवरचा तोतरा हसबो,
जो माईकसमोर कधी अडखळला नाही.
सगळ्यांचं एकच, "लांबून दिसेल ना?"

दिसत होतं.

हसबो पुलाच्या अलीकडे पडला,
गोळी जुळ्या अक्षरांच्या मधोमध.
तहानी वहीत टिपून घ्यायची:
किती वाजता, कुठल्या दिशेने, किती जण.
छपरावरचा माणूसही
तसंच टिपत असावा.
हसबोचं जाकीट माझ्याकडे कोणी आणून टाकलं, ठाऊक नाही.
भोक बोटाएवढं होतं.
रफू मला येतं. मी केलं.

ऑगस्टात उरलेले सगळे परत आले.
"उस्ता, उसवून दे."

शिवण्यापेक्षा उसवायला वेळ लागतो.
ब्लेडने एकेक टाका,
आणि माझीच दुहेरी टीप, माझ्याच बोटांना शिव्या.
पण उन्हाने आजूबाजूचं कापड विटलं होतं,
अक्षरांखालचं तेवढं गडद निळं राहिलेलं.
दोरा निघाला
आणि शब्द जास्तच ठळक दिसायला लागला.
मी चहाचं पाणी फासलं, कॉफीचा चोथा घासला, राख चोळली.
तहानी हसायला लागली.
"राहू दे. जाकीटच नको मला.
त्यापेक्षा आजीच्या तावीजात एक कप्पा शिव,
नखाएवढं कार्ड मावेल असा."

शिवला. चामडं जाड, दोन सुया मोडल्या.
दंडाला बांधून ती नाक्यापलीकडे गेली.

कोणी म्हणतं, दुसऱ्या नाक्यावर उतरवलं तिला.
कोणी म्हणतं, पोर्ट सुदानला बोटीत चढताना पाहिलं.
तिच्या आईला मी बोटीचंच सांगतो.
ती दर वेळी विचारते, बोटीत गर्दी होती का.
मी सांगतो, होती, पण तिला बसायला जागा मिळाली.

उसवलेली अक्षरं बटणांच्या डब्यात आहेत.
शाळा बंद, म्हणून शेजारची रिमाझ त्यांच्याशी खेळते,
चटईवर ओळी लावते.
वळवळणारी सगळ्यात जास्त निघतात,
माणशी चार.

काल तिची मांडामांड चालू असताना
एक जण दारात उभा राहिला,
खांद्याला बंदूक, मिसरूड न फुटलेला.
पँट आखूड करून हवी होती.
शिवली होती दुसऱ्याच कोणाच्या तरी मापाने.
तो चटईकडे बघत राहिला.
"काय लिहिलंय?"
रिमाझ म्हणाली, "मला वाचता नाही येत अजून."
तो थोडं थांबून म्हणाला, "मलाही."

मी वाकून त्याच्या घोट्याशी कापड दुमडत होतो.
तोंडात टाचण्या असल्या की
शिंप्याला कोणी काही विचारत नाही.

तो गेल्यावर मी त्या तळहातावर काढून मोजल्या.
सगळ्या होत्या.
एकही गिळली नव्हती.